रॅपर वगळा म्हणणाऱ्यांना उत्तर

जावास्क्रिप्टचं इंजिन नव्यानं लिहायला बसलेल्या माणसाला हमखास एक सल्ला मिळतो: रॅपर ऑब्जेक्टच्या, म्हणजे साधी व्हॅल्यू आत गुंडाळून ठेवणाऱ्या ऑब्जेक्टच्या, नादी लागू नकोस. 'न्यू स्ट्रिंग', 'न्यू नंबर', 'न्यू बूलियन' हे आता कोणी लिहीत नाही. भाषा घडवणाऱ्यानंच साध्या व्हॅल्यू आणि ऑब्जेक्ट अशी फूट दुर्दैवी होती असं म्हटलंय. आणि मोठी इंजिनं तर ती ऑब्जेक्टं बनवायचं शक्य तिथं टाळतातच. मग त्यात वेळ कशाला घालवायचा?

बीडमध्ये आम्ही काही जण संध्याकाळी मुलांना घेऊन एक छोटं इंजिन लिहितो. मुलं आसपासच्या गावांतली, काही तर नारायणगडाच्या परिसरातली. त्यांना हाच सल्ला एका अनुभवी पाहुण्यानं दिला, आणि जाताजाता हेही सांगितलं की इंजिन हे तुमचं काम नव्हे, एखादं फ्रेमवर्क शिका, नोकरीला लागा. सल्ला प्रेमानं दिलेला होता हे मी मानतो. पण तो चुकीचा आहे, आणि मुलं ज्या टप्प्यावर आहेत तिथं तो नुकसान करणारा आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आधी त्यातलं बरोबर काय ते बाजूला काढतो. वेबपेज लिहिणाऱ्यानं रॅपर ऑब्जेक्ट हातानं बनवू नये, हे शंभर टक्के खरं. ईएसलिंटमध्ये त्यासाठी 'नो-न्यू-रॅपर्स' नावाचा नियमच आहे आणि तो चालू ठेवावा. 'न्यू बूलियन(फॉल्स)' ही गोष्ट 'इफ'च्या कंसात टाकली तर ती खरी ठरते, कारण ते ऑब्जेक्ट आहे आणि ऑब्जेक्टला ही भाषा खरंच मानते, आत काहीही असो. एकाच अक्षरांच्या दोन 'न्यू स्ट्रिंग' एकमेकींशी ताडून पाहिल्या तर उत्तर 'समान नाहीत' असं येतं. अशा सापळ्यात नवशिक्यानं पाय घालू नये हे कोणीही मान्य करेल.

पण प्रोग्रॅम लिहिणारा आणि इंजिन लिहिणारा यांच्या जागा वेगळ्या आहेत. प्रोग्रॅम लिहिणारा आपण काय लिहायचं ते ठरवू शकतो. इंजिन लिहिणाऱ्यापुढे कोणता प्रोग्रॅम येणार हे त्याच्या हातात नसतं. कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं पान आज उघडलं, तर त्या पानाला मिळायला हवं ते उत्तर देणं एवढंच त्याचं काम. पहिल्यासाठीचा नियम उचलून दुसऱ्याला लावला की गोंधळ सुरू होतो. पाहुण्यांच्या सल्ल्यात नेमकं हेच झालं.

आता सल्ल्यातला सगळ्यात वजनदार भाग घेतो: मोठी इंजिनं ही ऑब्जेक्टं बनवायचं टाळतात. अर्धं सत्य म्हणून हे फार फसवं आहे, म्हणून इथं जरा थांबायला हवं.

जावास्क्रिप्टमध्ये ४२ हा आकडा ऑब्जेक्ट नाही. 'या भाषेत सगळं काही ऑब्जेक्ट असतं' असं क्लासेसमध्ये सर्रास शिकवतात, ते साफ चूक आहे. ४२ ही प्रिमिटिव्ह, म्हणजे साधी, व्हॅल्यू आहे. व्ही-८ इंजिनमध्ये असा लहान पूर्णांक पॉइंटरच्याच जागेत बसवतात आणि शेवटच्या बिटवरून तो आकडा आहे की पत्ता हे ओळखतात. सफारीच्या जावास्क्रिप्टकोअरमध्ये आणि फायरफॉक्सच्या स्पायडरमंकीमध्ये 'नॅन बॉक्सिंग' वापरतात, म्हणजे ६४ बिटांच्या दशांश संख्येत 'नॉट अ नंबर'साठी जे असंख्य बिटक्रम रिकामे पडून असतात त्यांतच बाकीच्या प्रकारच्या व्हॅल्यू कोंबतात. यातल्या कुठल्याही रचनेत त्या ४२ जवळ स्वतःचा प्रोटोटाइप सांगणारा दुवा ठेवायला जागा नाही. तरीही त्याच्यापुढे टिंब देऊन 'टू-फिक्स्ड' मागितलं की मिळतं. कुठून मिळतं?

भाषेचे नियम सांगणाऱ्या स्पेसिफिकेशनचं उत्तर सरळ आहे. टिंबाच्या डावीकडे प्रिमिटिव्ह असेल तर त्यावर 'टू-ऑब्जेक्ट' ही क्रिया करा. ती एक नंबर ऑब्जेक्ट देते, त्याच्या आत 'नंबरडेटा' नावाच्या इंटरनल स्लॉटमध्ये तो ४२ असतो आणि त्याचा प्रोटोटाइप 'नंबर.प्रोटोटाइप' असतो. मेथड तिथून शोधा. त्याच ठिकाणी स्पेसिफिकेशनची एक टीपही आहे: हे तात्पुरतं ऑब्जेक्ट या क्रियेबाहेर कोणाला दिसत नाही, तेव्हा इंजिनानं ते प्रत्यक्ष न बनवता काम भागवलं तरी चालेल. इंजिनं तेच करतात. जावास्क्रिप्टकोअरमध्ये त्यासाठी 'सिंथेसाइज-प्रोटोटाइप' नावाचं फंक्शन आहे. ते व्हॅल्यूचा प्रकार पाहून थेट योग्य प्रोटोटाइप हातात देतं. फाब्रिस बेलार यांच्या क्विकजेएस या छोट्या इंजिनातही असाच आडमार्ग आहे.

'बनवायचं टाळतात' याचा आधार हा एवढाच. पण ती टीप सवलत कशाबद्दल देते ते नीट वाचायला हवं. बाहेरून फरक कळणार नसेल तरच ही सूट आहे. आणि फरक कळण्याच्या जागा भरपूर आहेत.

उदाहरण घ्या. कोणी 'स्ट्रिंग.प्रोटोटाइप'वर एक गेटर बसवला, आणि त्या गेटरनं 'टाइपऑफ धिस' परत दिलं. आता एखाद्या साध्या स्ट्रिंगवर टिंब देऊन ती प्रॉपर्टी वाचा. गेटर स्ट्रिक्ट मोडमध्ये लिहिला असेल तर उत्तर 'स्ट्रिंग' यायला हवं. स्ट्रिक्ट मोड नसेल तर उत्तर 'ऑब्जेक्ट' यायला हवं. म्हणजे शोध घेताना ऑब्जेक्ट धरून चाललो तरी गेटरला 'धिस' म्हणून मूळची प्रिमिटिव्ह व्हॅल्यूच द्यायची असते. मग तो गेटर जुन्या ढंगाचा निघाला तर त्याच्या दारात पुन्हा तिचं ऑब्जेक्ट करायचं असतं, आणि या वेळी ते खरोखर बनतं, हातात येतं, कुठल्या चलात साठवूनही ठेवता येतं. दर हाकेला नवं बनतं. एकच फंक्शन एकाच आकड्यावर दोनदा बोलावून दोन्ही वेळी 'धिस' परत घेतलं तर ती दोन ऑब्जेक्टं वेगळी असतात. फंक्शन एखाद्या आयफ्रेममधलं असेल तर त्या ऑब्जेक्टचा प्रोटोटाइप त्या आयफ्रेमचा असतो, बोलावणाऱ्या पानाचा नव्हे. स्पेसिफिकेशनच्या २००९च्या पाचव्या आवृत्तीत स्ट्रिक्ट मोड आला तेव्हापासून हे दोन्ही रस्ते एकाच इंजिनात शेजारी शेजारी चालू आहेत, आणि एकाच पानात दोन्ही प्रकारची फंक्शनं असणं ही रोजची गोष्ट आहे. 'कायम ऑब्जेक्ट करा' हाही नियम चुकतो आणि 'कधीच करू नका' हाही चुकतो.

लिहिण्याच्या बाजूला तर याहून बारीक आहे. स्ट्रिंगवर टिंब देऊन एखादी नवी प्रॉपर्टी लिहायचा प्रयत्न केला तर साध्या मोडमध्ये काहीच होत नाही आणि स्ट्रिक्ट मोडमध्ये टाइपएरर येतो. नवखा माणूस इथं म्हणतो: तात्पुरतं ऑब्जेक्ट बनवलं, त्यावर प्रॉपर्टी लिहिली, ऑब्जेक्ट फेकून दिलं, परिणाम तोच. तसं केलं तर स्ट्रिक्ट मोडमधला टाइपएरर येणारच नाही, कारण त्या ऑब्जेक्टवर लिहिणं यशस्वी झालेलं असेल! स्पेसिफिकेशनमध्ये इथं 'रिसीव्हर' मूळ प्रिमिटिव्ह असतो, आणि रिसीव्हर ऑब्जेक्ट नसेल तर लिहिणं फसलं असं उत्तर द्यायचं, असा स्वतंत्र टप्पा आहे. पण त्याआधी प्रोटोटाइपवर त्या नावाचा सेटर आहे का ते पाहायचं, आणि असेल तर तो चालवायचा. हे सगळं ज्यानं एकदा हातानं लिहिलं त्याला रिसीव्हर म्हणजे काय हे कळतं. पुढे प्रॉक्सी आणि रिफ्लेक्ट आले की तोच रिसीव्हर पुन्हा समोर उभा राहतो. रॅपर वगळून पुढे गेलेल्या मुलाला ते प्रकरण पाठांतरानं सोडवावं लागतं.

आता स्ट्रिंगकडे येतो, कारण तीन जुन्या रॅपरांत खरा जीव हिच्यात आहे. नंबर आणि बूलियन यांचे रॅपर म्हणजे एक स्लॉट असलेलं साधं ऑब्जेक्ट, त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. स्ट्रिंगचा रॅपर मात्र 'एक्झॉटिक' ऑब्जेक्ट आहे. त्याला प्रॉपर्टी कशा शोधायच्या, कशा ठरवायच्या आणि कोणत्या क्रमानं सांगायच्या याचे स्वतःचे नियम आहेत.

आमच्या टेस्ट फाइलमध्ये यासाठी 'नारायणगड' हा शब्द आहे. नगद नारायण महाराजांचं स्थान, धाकटी पंढरी म्हणून ओळखला जाणारा गड. मुलांना हा शब्द सुचला यात नवल नाही. पण टेस्ट म्हणून तो फार कामाचा निघाला. 'ऑब्जेक्ट("नारायणगड")' केलं की जे ऑब्जेक्ट मिळतं त्याच्या स्वतःच्या प्रॉपर्टी ० ते ७ आणि शिवाय 'लेंग्थ' अशा असायला हव्यात. 'लेंग्थ'चं उत्तर ८. कागदावर आपण ना, रा, य, ण, ग, ड अशी सहा अक्षरं वाचतो. पण भाषा मोजते यूटीएफ-१६ची एककं, आणि दोन्ही काने वेगळे मोजले जातात. शून्याव्या जागी नुसता 'न', पहिल्या जागी एकटा काना, दुसऱ्या जागी 'र', तिसऱ्या जागी पुन्हा काना. आमच्या इंजिनात पहिल्यांदा 'लेंग्थ' आली २४. कारण आत स्ट्रिंग यूटीएफ-८मध्ये साठवली होती, तिथं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि रॅपरच्या कोडनं बाइट मोजले होते. ज्या टेस्टमध्ये फक्त इंग्रजी मुळाक्षरं होती त्या सगळ्या पास होत होत्या. तिथं बाइट आणि एककं यांची संख्या एकच येते, त्यामुळे चूक दिसायला जागाच नव्हती.

मोठ्या इंजिनांतही दोन वाटा आहेत हे इथं लक्षात घ्यावं. व्ही-८, स्पायडरमंकी, जावास्क्रिप्टकोअर ही तिन्ही इंजिनं सगळी अक्षरं लॅटिन-१मध्ये बसणारी असतील तर स्ट्रिंग एका बाइटाच्या रूपात ठेवू शकतात, नाहीतर दोन बाइटांच्या. मराठी मजकूर दुसऱ्या वाटेनंच जातो. टेस्ट लिहिणाऱ्यानं ती वाट स्वतः चालून पाहिली नाही, तर तिथल्या चुका आपल्या वाचकाच्या फोनवर सापडतात.

पुढचे नियमही याच शब्दावर तपासता येतात. ० ते ७ या प्रॉपर्टी वाचता येतात, लूपमध्ये येतात, पण बदलता येत नाहीत आणि काढूनही टाकता येत नाहीत. 'लेंग्थ' बदलता येत नाही आणि 'ऑब्जेक्ट.कीज'मध्ये दिसतही नाही. पण आठव्या जागी काही लिहायचं म्हटलं तर ते चालतं, कारण तिथून पुढे हे साधंच ऑब्जेक्ट आहे. शून्याव्या जागी 'डिफाइन-प्रॉपर्टी'नं पुन्हा 'न'च लिहिला तर तक्रार नाही, दुसरं काही लिहिलं तर टाइपएरर. आणि सगळ्या प्रॉपर्टी मागितल्या तर आधी स्ट्रिंगच्या स्वतःच्या जागा, मग आपण घातलेले मोठे आकडे चढत्या क्रमानं, मग नावं ज्या क्रमानं आली त्या क्रमानं, शेवटी सिंबल. मुलांपैकी एकीनं विचारलं होतं, "सर, पण हे कोण बघतं?" प्रश्न रास्त होता, आणि पाहुण्यांचा दुसरा दावाही तोच होता: कोणी वापरत नाही.

वापरतात. 'न्यू' न लिहिता वापरतात, म्हणून लक्षात येत नाही. 'ऑब्जेक्ट.कीज'ला नुसती स्ट्रिंग दिली तर जुन्या पाचव्या आवृत्तीत टाइपएरर येत असे. २०१५च्या आवृत्तीत तो नियम बदलला. आता स्ट्रिंगवर आधी 'टू-ऑब्जेक्ट' होतं आणि तिच्या जागांची यादी मिळते. 'ऑब्जेक्ट.एंट्रीज', 'ऑब्जेक्ट.असाइन', महिरपी कंसात तीन टिंबं देऊन स्ट्रिंग पसरणं, स्ट्रिंगवर 'फॉर-इन' चालवणं, हे सगळं त्या एक्झॉटिक ऑब्जेक्टच्या नियमांवर उभं आहे. म्हणजे भाषा नवी होत गेली तसा रॅपरवरचा भार वाढला. 'जुनाट वस्तू, हळूहळू मरतेय' हे चित्र वस्तुस्थितीच्या उलट आहे.

जुन्या पानांचं काय? २००६ साली आलेल्या जेक्वेरीतलं 'ईच' हे फंक्शन आपल्या कॉलबॅकला प्रत्येक घटक 'धिस' म्हणून देतं. घटक आकडा किंवा स्ट्रिंग असेल आणि कॉलबॅक स्ट्रिक्ट नसेल, तर 'धिस' हे रॅपर ऑब्जेक्ट असतं. जेक्वेरीच्या कागदपत्रांतच हे लिहून ठेवलंय. अशा कॉलबॅकमध्ये 'इफ(धिस)' लिहिलेलं असेल तर घटक शून्य असला तरी अट खरी ठरते, आणि तीन बरोबरांनी शून्याशी ताडलं तर उत्तर खोटं येतं. रॅपर वगळणाऱ्या इंजिनात दोन्ही उत्तरं उलटी येतील. पान कोसळणार नाही, कुठली चूक दाखवणार नाही, फक्त वेगळं वागेल. अशी चूक शोधणं हे कोसळणाऱ्या पानाची चूक शोधण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.

जेसनचं उदाहरण तर फार बोलकं आहे. 'जेसन.स्ट्रिंगिफाय'ला 'न्यू स्ट्रिंग("गड")' दिलं तर बाहेर "गड" एवढंच यायला हवं, कारण स्पेसिफिकेशन म्हणतं: व्हॅल्यूला 'स्ट्रिंगडेटा' स्लॉट असेल तर आधी तिची स्ट्रिंग करून घ्या. नंबर, बूलियन आणि बिगइंटच्या रॅपरांसाठीही असेच टप्पे आहेत. ज्यानं स्लॉटच केला नाही, त्याचं इंजिन याला साधं ऑब्जेक्ट समजेल आणि शून्यापुढे 'ग', एकापुढे 'ड' असं ऑब्जेक्ट छापेल. सर्व्हरकडे गावाचं नाव जायचं तिथं अक्षरांची यादी जाईल.

आता मायक्रोक्विकजेएस. हा दाखला पाहुण्यांनी दिला नव्हता, पण या वादात तोच सर्वांत बळकट आहे, म्हणून तो मीच पुढे आणतो. बेलार यांचंच हे छोटं इंजिन दहा किलोबाइट रॅममध्येसुद्धा प्रोग्रॅम चालवू शकतं, आणि त्यात 'न्यू नंबर(१)' चालत नाही. रॅपरची सोयच काढून टाकलीय. मग बेलारांसारख्या माणसानं वगळलं तर आम्ही का नको?

कारण बेलारांनी भाषेचा एक कडक उपसंच मांडला आणि तो उपसंच आहे हे ठळकपणे सांगितलं. त्या इंजिनात स्ट्रिक्ट मोडच्या बाहेरचं काही नाही, त्यामुळे 'धिस'चं ऑब्जेक्ट करायची वेळच येत नाही. ॲरेमध्ये मधली जागा रिकामी सोडताही येत नाही. छोट्या यंत्रावर स्वतःचा प्रोग्रॅम स्वतः लिहून चालवणाऱ्यासाठी ते आहे. कोणी कधीतरी लिहिलेलं वेबपेज त्यात चालेल असा त्यांचा दावाच नाही. आणि याच बेलारांनी २०१९मध्ये पूर्ण भाषेचं क्विकजेएस दिलं तेव्हा त्यात स्ट्रिंग, नंबर, बूलियन, सिंबल या सगळ्यांच्या रॅपरांचे वर्ग आहेत, एकही गाळलेला नाही. तेही छोटंच इंजिन, दोघांच्या हातातून निघालेलं. रॅपर गाळल्याशिवाय इंजिन छोटं राहत नाही ही समजूत त्या एका उदाहरणानं निकालात निघते. 'आमचं इंजिन उपसंच आहे' असं पहिल्या पानावर लिहायची तयारी असेल तर जरूर वगळावं. पाहुण्यांनी मुलांना हे सांगितलं नव्हतं. त्यांनी वगळूनही त्याला जावास्क्रिप्टच म्हणायला सांगितलं होतं.

राहिला भाषा घडवणाऱ्याचा, म्हणजे ब्रेंडन आइक यांचा, हवाला. १९९५च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये दहा दिवसांत त्यांनी या भाषेचा पहिला नमुना केला, आणि ती जावासारखी दिसली पाहिजे हा वरून आलेला हुकूम होता. जावात 'इंट' वेगळा आणि 'इंटिजर' वेगळा, तशीच फूट इथंही पडली. ती दुर्दैवी होती असं आइक यांनी पुढे स्वतः लिहिलंय, हे खरं. जावावालेही त्यांच्या बाजूनं याच्याशी झगडताहेत: 'न्यू इंटिजर' लिहू नये असं त्यांनी जावा ९मध्ये सांगितलं आणि जावा १६मध्ये ते पुढेमागे काढून टाकण्यासाठी नोंदवून ठेवलं.

पण जावास्क्रिप्टच्या समितीनं पुढे काय केलं ते पाहा. २०१५मध्ये सिंबल हा नवा प्रिमिटिव्ह आला. तोपर्यंत या फुटीचे तोटे सगळ्यांना पुरते ठाऊक होते. समितीनं 'न्यू सिंबल' लिहिण्यावर बंदी घातली, तसं केलं की टाइपएरर येतो. म्हणजे सापळा बंद केला. पण रॅपर ठेवला. 'ऑब्जेक्ट(सिंबल())' केलं की सिंबलचं रॅपर ऑब्जेक्ट मिळतं, आणि ते प्रॉपर्टीचं नाव म्हणून वापरलं तर आतला सिंबलच वापरला जावा यासाठी 'सिंबल.प्रोटोटाइप'वर 'टू-प्रिमिटिव्ह'ची खास मेथड बसवली. २०२०मध्ये बिगइंट आला, तिथंही तेच: 'न्यू' बंद, रॅपर चालू. ज्यांना ही फूट नको होती त्यांनीच नव्या प्रकारांना रॅपर दिला, कारण टिंबाचा अर्थच त्यावर उभा आहे. प्रिमिटिव्हला मेथड हव्यात, वापरणाऱ्याला त्या वाढवता यायला हव्यात, जुनं फंक्शन 'धिस' ऑब्जेक्ट असेल असं धरून चालतं. या तीन गोष्टी एकत्र हव्या असतील तर रॅपरशिवाय मार्ग नाही. आणि ज्या दोघांना रॅपर नाही त्या 'नल' आणि 'अनडिफाइन्ड'वर टिंब दिलं की काय होतं ते प्रत्येक वेब प्रोग्रॅमरला पाठ आहे. 'अनडिफाइन्डच्या प्रॉपर्टी वाचता येत नाहीत' हा जगभर रोज दिसणारा एरर म्हणजे 'टू-ऑब्जेक्ट'नं दिलेला नकार आहे. हे ज्यानं हातानं लिहिलंय त्याला त्या एररची भीती वाटत नाही.

आता मला सर्वाधिक लागलेली गोष्ट. इंजिन हे तुमचं काम नव्हे, हे वाक्य.

स्पेसिफिकेशन मोफत वाचायला मिळतं. टेस्ट२६२ हा इंजिनं तपासायचा सामायिक टेस्टसंच खुला आहे, आणि त्यात रॅपरांवरच्या टेस्ट ढिगानं आहेत. लेडीबर्ड ब्राउझरमधल्या लिबजेएस या इंजिनाचा कोड उघडा आहे; आंद्रेआस क्लिंग यांनी ते २०२०मध्ये सेरेनिटीओएससाठी सुरू केलं, आणि त्यात बहुतेक फंक्शनांच्या आत स्पेसिफिकेशनचे टप्पे शेरे म्हणून जसेच्या तसे लिहिलेले असतात. ज्याला टप्पा वाचता येतो त्याला त्याखालचा कोड वाचता येतो. यासाठी पुण्याला किंवा बंगळुरूला जावं लागत नाही. लागतो तो एक साधा लॅपटॉप, चिकाटी, आणि कोणीतरी 'हे तुझ्यासाठी नाही' असं न सांगणं.

उलट इथल्या मुलांनी हे काम करावं याला ठोस कारण आहे. १२३४५६ या आकड्यावर 'टू-लोकेल-स्ट्रिंग' ही मेथड 'एमआर-आयएन' देऊन बोलावली की '१,२३,४५६' यायला हवं: देवनागरी अंक, आणि हजारानंतर दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम. हीसुद्धा 'नंबर.प्रोटोटाइप'वरची मेथड आहे आणि प्रिमिटिव्हवर त्याच टिंबाच्या वाटेनं पोचते. ही टेस्ट कोण लिहिणार? जो रोज असे आकडे वाचतो तो. 'नारायणगड'मधल्या एकट्या पडलेल्या कान्याकडे लक्ष कोणाचं जाणार? ज्याला तो शब्द कान्याशिवाय चुकीचा दिसतो त्याचं. आषाढीला गडावर येणारा भाविक फोनवर गडाचं नाव शोधतो तेव्हा ती स्ट्रिंग कुठल्या ना कुठल्या इंजिनात टिंबाच्या वाटेनं जाते, 'ट्रिम' होते, 'इन्क्लूड्स'मधून तपासली जाते. ते इंजिन लिहिणाऱ्यांत मराठी लिहिणारं-वाचणारं माणूस असणं ही त्या भाविकाची गरज आहे.

आमच्याकडे नंबर आणि बूलियनचे रॅपर झालेत, स्ट्रिंगचा प्रॉपर्टींच्या क्रमापर्यंत आलाय. 'स्ट्रिंग'पासून वारसा घेणाऱ्या क्लासचं काम चालू आहे; तिथं 'न्यू-टार्गेट'वरून योग्य प्रोटोटाइप निवडायचा असतो आणि स्लॉट मात्र मूळ स्ट्रिंगचाच राहायला हवा. 'स्ट्रिंग.प्रोटोटाइप' हे स्वतःच रिकाम्या स्ट्रिंगचं रॅपर ऑब्जेक्ट आहे, तेही अजून व्हायचंय.

ज्यांना हे सगळं वगळावंसं वाटतं त्यांना माझं एकच मागणं आहे. रॅपर नसलेलं इंजिन घेऊन या आणि या लेखात आलेल्या ओळी त्यावर चालवून दाखवा: स्ट्रिक्ट आणि साध्या मोडमधला तो गेटर, स्ट्रिंगवर प्रॉपर्टी लिहिल्यावर येणारा टाइपएरर, 'ईच'मधला शून्य, जेसनमधून बाहेर आलेला 'गड', प्रॉपर्टीचं नाव म्हणून वापरलेला सिंबलचा रॅपर. सगळी उत्तरं बरोबर आली, तर आमच्या मुलांनी लिहिलेला कोड मी स्वतः पुसून टाकायला लावीन.